शांता गोखले यांच्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

गेली काही वर्षं मी भेटेल त्याला शांता गोखले वाचा म्हणून सांगत असते, आणि मग तेच तेच प्रश्न येतात, कधी फोनवर, कधी नाटकाच्या मध्यंतरात चहाच्या रांगेत. म्हटलं एकदाच सगळं नीट लिहून काढावं. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखं खूप आहे.

शांता गोखले नक्की कोण? पत्रकार, समीक्षक, कादंबरीकार की अनुवादक?

हे सगळंच. पण मला एकच शब्द निवडायला सांगितला तर मी समीक्षक म्हणेन, आणि तोही नाटकाचे रिव्ह्यू लिहिणारी या अर्थाने नाही, तर मुंबईच्या सांस्कृतिक आयुष्याकडे पन्नासेक वर्षं डोळे उघडे ठेवून बघणारी आणि बघितलेलं लिहून ठेवणारी बाई या अर्थाने. नाटक, चित्रकला, सिनेमा, नाच, गाणं, शहर, भाषा, सगळ्यावर लिहिलंय त्यांनी. पेपरात कॉलम लिहिले, मराठीत दोन कादंबऱ्या लिहिल्या, मराठी नाटकाचा इतिहास इंग्रजीत लिहिला आणि मराठीतली कितीतरी पुस्तकं नि नाटकं इंग्रजीत नेली. आणि हे सगळं एकमेकांत इतकं गुंतलेलं आहे की वेगवेगळे कप्पे करून बघितलं तर त्यांचं काम कळतच नाही असं मला वाटतं.

म्हणजे त्या "तोच चंद्रमा नभात"वाल्या शांताबाई का?

नाही हो, त्या शांता शेळके. हा गोंधळ इतका होतो की वेगळा प्रश्न करावा लागला. शांता शेळके (1922 ते 2002) कवयित्री, गीतकार, प्राध्यापक, आणि गंमत म्हणजे त्यांनीही काही वर्षं पत्रकारिता केली होती, आचार्य अत्र्यांच्या नवयुगमध्ये. पण या दोघी पूर्ण वेगळ्या. खाली मी शांताबाई लिहीन तिथे शांता गोखलेच समजा.

जन्म कुठला, शिक्षण कुठे?

जन्म 14 ऑगस्ट 1939, डहाणूचा. वाढल्या मुंबईत, दादरला शिवाजी पार्कात. वडील पत्रकार. शाळा माहीमची स्कॉटिश, म्हणजे इंग्रजी माध्यम, आणि घरात मराठी. मग पंधरा-सोळाव्या वर्षी इंग्लंडला गेल्या, तिथलं शालेय शिक्षण पूर्ण केलं आणि ब्रिस्टल विद्यापीठातून इंग्रजी साहित्यात बीए केलं. परत येऊन मुंबई विद्यापीठातून एमए.

आता 1950 च्या दशकात शिवाजी पार्कातल्या मराठी घरातली मुलगी शिकायला इंग्लंडला जाते ही साधी गोष्ट नव्हती. पण मला त्याहून जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे की त्या परत आल्या आणि मराठीत रुजल्या. इंग्लंडात शिकून आलेल्या बऱ्याच लोकांचं मराठी नंतर स्वयंपाकघरापुरतं उरतं. यांचं उलट झालं.

पत्रकारितेत कशा आल्या?

सरळ रस्त्याने नाही. आधी कॉलेजात शिकवलं, एल्फिन्स्टनला वगैरे. मग फेमिना मासिकात उपसंपादक. मग ग्लॅक्सो या औषध कंपनीत पीआरचं काम. लोक हा औषध कंपनीचा भाग सांगताना पटकन पुढे सरकतात पण मला तो फार बोलका वाटतो, कारण त्या काळात दोन मुलं, नोकरी, घर, आणि तरी संध्याकाळी नाटक बघणं आणि रात्री लिहिणं किंवा अनुवाद करणं चालू होतं. संस्कृतीवर लिहिणाऱ्याकडे निवांत वेळ असतो, मागे कुणीतरी पैसे पुरवणारं असतं अशी आपली समजूत असते. इथे आठवड्याची नोकरी होती आणि लिखाण त्याच्या कडेकडेने वाढत गेलं.

मग 80 च्या दशकाच्या शेवटी त्या टाइम्स ऑफ इंडियाच्या मुंबई आवृत्तीत आर्ट्स एडिटर झाल्या, म्हणजे कला विभागाच्या संपादक. त्यानंतर मिड-डे आणि मुंबई मिररमध्ये वर्षानुवर्षं कॉलम.

आर्ट्स एडिटर म्हणजे काय काम असतं?

आजच्या मुलांना हे खरंच समजावून सांगावं लागतं कारण आता ते पदच बहुतेक पेपरांत दिसत नाही. कला पानाचा संपादक ठरवतो की या आठवड्यात शहरात जी नाटकं, प्रदर्शनं, मैफली आहेत त्यातलं कशावर लिहायचं, कुणाकडून लिहून घ्यायचं, किती जागा द्यायची. म्हणजे कुठल्या नवख्या चित्रकाराचं नाव पहिल्यांदा छापून येणार, वीस माणसांसमोर झालेल्या कुठल्या प्रायोगिक नाटकाची नोंद राहणार, हे त्या टेबलावर ठरतं. आणि मुंबईच्या इंग्रजी पेपरात त्या टेबलावर मराठी नाटक आतून ओळखणारी व्यक्ती बसली होती याचा काय फरक पडला असेल विचार करा. इंग्रजी वाचणाऱ्या मुंबईला दादर, गिरगाव, पार्ले इथे काय चाललंय हे कळायला एक खिडकी मिळाली.

त्यांच्या रिव्ह्यूत असं वेगळं काय आहे?

मला जे दिसतं ते सांगते.

एक म्हणजे भाषा. साधी, स्वच्छ, तासलेली. जड शब्दांच्या मागे लपणं नाही. नाट्यशास्त्र, पाश्चात्त्य सिद्धांत, सगळं वाचलेलं आहे हे कळतं पण ते तुमच्या अंगावर फेकलेलं नसतं.

दुसरं म्हणजे त्या आधी नाटक दाखवतात आणि मग मत देतात. आपल्याकडे कितीतरी परीक्षणं अशी असतात की कथानक, मग दिग्दर्शन चांगलं, नेपथ्य साजेसं, प्रकाशयोजना पूरक, अमक्याने भूमिकेला न्याय दिला, संपलं. "भूमिकेला न्याय दिला" या वाक्याने मराठी नाट्यसमीक्षेचं जेवढं नुकसान केलंय तेवढं कशानेच केलं नसेल. शांताबाई सांगतात की नट उभा कसा राहिला, वाक्य कुठे तुटलं, संहितेत एक म्हटलंय आणि रंगमंचावर दुसरंच घडतंय ते कुठे. वाचून झाल्यावर न बघितलेलं नाटक डोळ्यासमोर राहतं. त्यांचं मत तुम्हाला पटलं नाही तरी तुमच्या हातात स्वतःचं मत करण्याइतका ऐवज असतो.

आणि तिसरं, त्या नाटकाला शहरापासून तोडत नाहीत. हॉल कुणी दिला, भाडं कसं परवडलं, बघायला कोण आलं, हा प्रश्न त्यांच्यासाठी कलेच्या बाहेरचा नाही.

सत्यदेव दुबेंशी त्यांचा काय संबंध?

खूप जवळचा, आणि खूप कामाचा. दुबे मूळचे बिलासपूरचे, मुंबईला आले होते क्रिकेटर व्हायला आणि झाले नाटकवाले. दिग्दर्शक इब्राहिम अल्काझी 1962 मध्ये दिल्लीला राष्ट्रीय नाट्य विद्यालयात गेले तेव्हा मुंबईतली थिएटर युनिट ही त्यांची नाटकसंस्था दुबेंनी पुढे चालवली. तेंडुलकर, बादल सरकार, मोहन राकेश, कार्नाड अशा नाटककारांना एका भाषेतून दुसऱ्या भाषेत नेणारा हा माणूस. "शांतता! कोर्ट चालू आहे"वरचा 1971 चा मराठी सिनेमाही त्यांचाच.

दुबेंची सवय अशी की समोरच्या माणसात काय आहे ते ओळखायचं आणि त्याला कामाला लावायचं. चिं. त्र्यं. खानोलकरांचं "अवध्य" इंग्रजीत कर म्हणून त्यांनी शांताबाईंच्या मागे लावलं आणि त्यांच्या अनुवादाच्या कामाची सुरुवात तिथली. पुढे शांताबाईंनी स्वतः लिहिलेलं "अविनाश" हे मराठी नाटक 1988 मध्ये दुबेंनीच बसवलं. आणि 2011 मध्ये दुबेंच्या पन्नास वर्षांच्या नाट्यप्रवासावर इंग्रजी पुस्तक आलं त्याचं संपादन शांताबाईंचं. त्याच वर्षी डिसेंबरात दुबे गेले.

मग समीक्षक म्हणून त्या तटस्थ कशा? सगळे तर ओळखीचे!

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो आणि तो विचारणारा माणूस बरोबर जागी बोट ठेवतो.

हो, त्या आतल्या होत्या. ज्यांच्या नाटकांवर लिहायचं त्यांच्यापैकी काहींची नाटकं त्यांनीच इंग्रजीत आणली, काहींच्या तालमी त्यांनी बघितल्या, काही जण घरी येणारे. प्रायोगिक रंगभूमीचं जगच एवढंसं की सगळे सगळ्यांना ओळखतात, तिथे अनोळखी समीक्षक आणायचा कुठून? लेखक जेरी पिंटोंनी शांताबाईंच्या निवडक लेखांचं पुस्तक 2018 मध्ये केलं त्याचं नाव "द एंगेज्ड ऑब्झर्व्हर" आहे, म्हणजे गुंतलेली निरीक्षक, आणि मला वाटतं याहून नेमकं नाव देता आलं नसतं. गुंतलेली आहे हे लपवलेलं नाही आणि बघणं सोडलेलं नाही.

माझं मत विचाराल तर समीक्षकाने लांब उभं राहावं हा हट्ट चुकीचा आहे. त्याने खोटं बोलू नये एवढंच मागावं. आईला पोराचा स्वभाव बाहेरच्यापेक्षा नीट माहीत असतो, ती तो सांगते की झाकते एवढाच प्रश्न असतो. शांताबाईंचं लिखाण वाचताना मला कधी असं वाटलं नाही की मैत्रीपायी हात आखडलाय. प्रेम दिसतं, आणि जिथे नाटक फसलं तिथे ते का फसलं हेही दिसतं.

"प्लेराइट ॲट द सेंटर" हे पुस्तक कशाबद्दल आहे?

मराठी नाटकाचा इतिहास, 1843 पासून ते पुस्तक आलं तोपर्यंत, म्हणजे 2000 पर्यंत. 1843 म्हणजे सांगलीला विष्णुदास भाव्यांनी "सीता स्वयंवर" केलं ते वर्ष, 5 नोव्हेंबरला आपण मराठी रंगभूमी दिन करतो तो त्याचाच.

पुस्तकाच्या नावातच म्हणणं आहे, नाटककार मध्यभागी. म्हणजे मराठी रंगभूमी ही मुख्यतः लिहिलेल्या शब्दाची रंगभूमी आहे, किर्लोस्कर, देवल, खाडिलकर, गडकरी, मग वरेरकर, अत्रे, पुढे तेंडुलकर, एलकुंचवार, आळेकर. आपल्याला यात विशेष काय असं वाटतं कारण आपण त्यातच वाढलो, आजोबा गडकऱ्यांचे संवाद पाठ म्हणून दाखवायचे, आपल्याकडे नाटक "वाचायची" पद्धत आहे. पण देशात इतरत्र बघा, दिग्दर्शकाच्या नावाने ओळखली जाणारी, देहावर आणि संगीतावर चालणारी रंगभूमी आहे. बाहेरून बघितल्यावरच कळतं की आपलं शब्दप्रेम ही एक खास गोष्ट आहे, ताकद पण आणि मर्यादा पण. आतून बघणं आणि बाहेरून बघणं एकाच माणसाला जमलं म्हणून हे पुस्तक झालं.

मराठीत नाट्येतिहास बरेच आहेत, काही फार मेहनतीचे आहेत, पण बऱ्याच ठिकाणी वाचताना नावं, सालं, नाटकमंडळ्या यांची यादी होऊन बसते. इथे गोष्टीसारखं वाचता येतं. तेंडुलकरांचं "सखाराम बाइंडर" 1972 चं, त्याच वर्षीचं "घाशीराम कोतवाल", त्यावरून उठलेली वादळं, हे सगळं आपल्याला ठाऊक असतं पण त्याच्या आधीच्या सव्वाशे वर्षांशी ते जोडून कुणी दाखवत नाही.

छबिलदास चळवळीवर त्यांनी काय लिहिलंय?

"द सीन्स वी मेड" नावाचं पुस्तक, मुंबईतल्या प्रायोगिक रंगभूमीचा मौखिक इतिहास. मौखिक म्हणजे ज्यांनी तो काळ घडवला त्यांच्याच तोंडून. तीन जागा आहेत त्यात: भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट, ताडदेवचं वालचंद टेरेस आणि दादरची छबिलदास शाळा.

इथे थोडं थांबते कारण मला हा विषय फार जवळचा आहे. छबिलदासची गल्ली आज माहीत असते ती वड्यासाठी आणि स्टेशनला जायच्या रस्त्यासाठी. पण 1974 पासून पुढे पंधरा-सोळा वर्षं त्या शाळेच्या हॉलमध्ये, अरविंद आणि सुलभा देशपांडे, अरुण काकडे यांच्या आविष्कार संस्थेमुळे, जे काही झालं त्याने मराठीच नाही तर हिंदी नाटकालाही नवी माणसं दिली. साधा शाळेचा हॉल, धड विंग नाहीत, बाहेर बाजाराचा गोंगाट, आणि आत लोक मांडीला मांडी लावून बसलेले.

आता नाटकाचं दुखणं असं की ते संपतं. सिनेमा डब्यात राहतो, पुस्तक कपाटात राहतं, नाटकाचा पडदा पडला, सेट टेम्पोत भरला, की उरतं ते बघणाऱ्यांच्या आठवणीत, आणि बघणारे म्हातारे होतात. छबिलदासच्या बहुतेक प्रयोगांचं चित्रीकरण कोण करणार होतं, चहाचे पैसे निघायची मारामार. म्हणून कुणीतरी वेळेवर जाऊन त्या माणसांना बोलतं करणं गरजेचं होतं. 2016 च्या आसपास हे पुस्तक आलं, आणि त्यानंतर काकडेकाका गेले, सुलभाताई गेल्या. चार-पाच वर्षं उशीर झाला असता तर काय राहिलं असतं हा विचार करून मला अजून धस्स होतं.

आणि भुलाभाई इन्स्टिट्यूटचं तर विचारूच नका, वॉर्डन रोडच्या त्या एका बंगल्यात अल्काझींचं नाटक, हुसेन आणि गायतोंडेंसारखे चित्रकार, रविशंकरांची संगीतशाळा, सगळं एकाच छताखाली. आज मुंबईत अशी एक जागा दाखवा.

मराठी बाई, मग बहुतेक लिखाण इंग्रजीत का?

थोडा राग असतो या प्रश्नात, मी ओळखते, कारण मलाही पूर्वी तसंच वाटायचं.

वस्तुस्थिती अशी की कादंबऱ्या त्यांनी मराठीत लिहिल्या, पत्रकारिता आणि समीक्षा बहुतांश इंग्रजीत. शिक्षण सगळं इंग्रजीतलं असताना मराठीत लिहायला लागण्यामागे निसीम इझिकेल, म्हणजे इंग्रजीत लिहिणारे मुंबईचे मोठे कवी, यांचा आग्रह होता, की तू तुझ्या भाषेत का लिहीत नाहीस. एका इंग्रजी कवीने मराठी मुलीला मराठीत लिही म्हणणं, ही मुंबईच करू जाणे.

आणि इंग्रजीत लिहून त्यांनी मराठीचं जे काम केलं ते मराठीत लिहून झालं नसतं. बंगालीबद्दल देशाला माहीत आहे कारण बंगाली लोकांनी स्वतःबद्दल इंग्रजीत भरभरून लिहिलं. आपण आपलं मोठेपण आपल्यातच वाटून घेत बसलो. दिल्लीत किंवा चेन्नईत नाटक शिकणाऱ्या मुलाला आळेकर, एलकुंचवार कळायचे तर कुणीतरी ते त्याच्या हातात द्यायला हवं ना.

तरी माझी एक तक्रार आहे, ती मराठी प्रकाशन जगताशी. त्यांची समीक्षा मराठीत पुस्तकरूपाने नीट उपलब्ध व्हायला हवी. मराठी नाटकावरचं इतकं चांगलं लिखाण मराठी वाचकाला इंग्रजीत वाचावं लागतं, आमच्या आईसारख्या बाईने, जिने सगळी नाटकं बघितली, तिने ते कसं वाचायचं?

कादंबऱ्या कोणत्या?

"रीटा वेलिणकर" आणि "त्या वर्षी". दोन्हींना महाराष्ट्र सरकारचा वि. स. खांडेकर पुरस्कार मिळालाय. दोन्ही त्यांनी स्वतःच इंग्रजीत नेल्या, पहिली त्याच नावाने, दुसरी "क्रोफॉल" म्हणून.

रीटा ही नोकरी करून घर ओढणारी, लग्न झालेल्या साहेबावर वर्षानुवर्षं प्रेम करणारी, आणि एक दिवस आतून कोसळणारी मुलगी. मैत्रीण सरस्वती तिच्यासोबत असते. त्या दोघींची मैत्री हा मला पुस्तकाचा गाभा वाटतो, आपल्या कादंबऱ्यांत दोन बायकांची मैत्री अशी क्वचित येते, बहुतेकदा मैत्रीण ही नायिकेचं दुःख ऐकायला ठेवलेली असते. "त्या वर्षी" 2008 ची, मुंबईतले चित्रकार, गायिका, पत्रकार अशी मंडळी आणि दंगलीनंतरचं शहर. कला पानावर काम केलेल्या माणसाचा अनुभव तिथे जागोजाग दिसतो, बाजार, गॅलऱ्या, कलाकारांचं आपसातलं वागणं. ही जरा सावकाश वाचावी लागते, माणसं खूप आहेत.

अनुवादांपैकी कोणते महत्त्वाचे?

यादी मोठी आहे, माझ्या आवडीचं सांगते.

पहिलं "स्मृतिचित्रे". लक्ष्मीबाई टिळकांचं. 2017 मध्ये शांताबाईंचा इंग्रजी अनुवाद आला. ज्यांनी मूळ वाचलंय त्यांना कळेल की हे काम किती अवघड, कारण लक्ष्मीबाईंचा विनोद शब्दांत कमी आणि सांगण्याच्या ढंगात जास्त आहे. वडिलांचं सोवळ्याचं वेड, बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही, हे त्या इतक्या सहज सांगतात की हसू येतं आणि पोटात तुटतं पण. आता "सोवळं" हा एक शब्द इंग्रजीत कसा सांगणार? स्वच्छता म्हटलं तर चूक, पवित्र म्हटलं तर अर्धवट. मग नवऱ्याचं, म्हणजे कवी ना. वा. टिळकांचं, 1895 चं ख्रिस्ती धर्मांतर, तिचं एकटीचं झुरणं, पुढे तिचं स्वतःचं बदलणं. माझ्या भाचीने, जी अमेरिकेत वाढली आणि जिला मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही, तिने हे इंग्रजीत वाचलं आणि मला फोन करून अर्धा तास लक्ष्मीबाईंबद्दलच बोलत होती, जणू आमच्याच घरातली कुणी आजी. मला तेवढ्याने भरून पावलं.

दुसरं उद्धव शेळक्यांची "धग". वऱ्हाडी बोलीतली कादंबरी, कौतिक नावाच्या बाईची, "कौतिक ऑन एम्बर्स" असं इंग्रजी नाव. पुण्या-मुंबईच्या माणसालाच वऱ्हाडी अडते, तर ती परभाषेत नेणं म्हणजे काय असेल.

नाटकांत आळेकरांचं "बेगम बर्वे", मग कुमुद मेहतांबरोबर केलेलं "सखाराम बाइंडर", एलकुंचवारांची काही नाटकं. दुर्गा खोट्यांचं आत्मचरित्रही त्यांनीच इंग्रजीत नेलं. आणि उलट्या दिशेने, जेरी पिंटोंची "एम अँड द बिग हूम" मराठीत आणली, "एम आणि हूमराव". हूमराव! एका अक्षरगटाने आख्खा माणूस मराठी केला.

आत्मचरित्र आहे का?

आहे, आणि फार वेगळं आहे. "वन फूट ऑन द ग्राउंड", 2019. आयुष्य सांगितलंय ते शरीराच्या मार्गाने. टॉन्सिल, दात, नाक, पाळी, बाळंतपण, डोळ्यांचा विकार, स्तनाचा कॅन्सर, म्हातारपण. नोकरी, लग्न, घटस्फोट, लिखाण हे सगळं त्यातून येतं.

बायकांची आत्मचरित्रं आपल्याकडे भरपूर, पण शरीराबद्दल आपण बोलतो ते डॉक्टरशी, तेही अर्धवट. इथे आजारपण सांगताना रडगाणं नाही आणि "मी कशी झुंजले"चा झेंडा पण नाही. मी हे पुस्तक हॉस्पिटलच्या वेटिंगमध्ये वाचलं, घरचं एक माणूस आत होतं, आणि त्या दोन दिवसांत त्या पुस्तकाने मला जेवढा धीर दिला तेवढा भेटायला आलेल्या कुणी दिला नाही. म्हणून कदाचित मी याबद्दल जास्त हळवी असेन.

शिवाजी पार्कवर पण पुस्तक आहे म्हणे?

"शिवाजी पार्क: दादर 28", 2020 चं. 28 म्हणजे जुना पोस्टल झोन, 400028 मधला. 1896 च्या प्लेगनंतर मुंबई सुधारायला इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट आला, दादर-माटुंगा आखून वसवलं गेलं तिथपासून गोष्ट सुरू होते. 1925 मध्ये माहीम पार्क म्हणून मैदान खुलं झालं आणि 1927 मध्ये, शिवाजी महाराजांच्या जन्माच्या त्रिशताब्दीला, नगरसेविका अवंतिकाबाई गोखल्यांच्या पुढाकाराने नाव बदललं. संयुक्त महाराष्ट्राच्या सभा, अत्र्यांची भाषणं, 1966 चा शिवसेनेचा पहिला दसरा मेळावा, आचरेकर सरांची नेट, कट्टा, सगळं आहे. दादरकरांनी तर वाचावंच, पण मला त्यात आवडलं ते हे की आपल्या गल्लीबद्दल लिहितानाही पत्रकाराची नजर सुटलेली नाही, इतिहास, बांधकाम, माणसं, सगळं तपासून.

रेणुका शहाणे त्यांच्या मुलगी ना?

हो. "सुरभि" आणि "हम आपके हैं कौन"वाल्या. "रीटा वेलिणकर"वर 2009 मध्ये "रीटा" हा मराठी सिनेमा रेणुकांनीच दिग्दर्शित केला, पल्लवी जोशी प्रमुख भूमिकेत. आईच्या कादंबरीवर मुलीने सिनेमा करणं, छान वाटतं ऐकायला. पण शांताबाईंची ओळख "रेणुकाची आई" अशी करून देऊ नका, प्लीज. पेपरवाले सुद्धा करतात.

स्वतः अभिनय पण केलाय का?

थोडा. गोविंद निहलानींच्या "अर्धसत्य"मध्ये (1983) दिसतात, आणि अमोल पालेकरांच्या एका मालिकेत. डॉक्युमेंटरींसाठी पटकथाही लिहिल्यात.

पुरस्कार?

खांडेकर पुरस्कार वर आले. 2015 साठीचा संगीत नाटक अकादमी पुरस्कार, प्रयोगकलांमधल्या एकूण योगदानासाठी. 2019 मध्ये टाटा लिटरेचर लाइव्हचा जीवनगौरव. उशिराच आले सगळे, पण आले.

मी पत्रकारिता शिकतोय, कल्चर बीट करायचंय. त्यांच्याकडून काय घेऊ?

बाळा, आधी जाऊन बघ. ट्रेलर, प्रेस नोट आणि कलाकाराच्या पोस्टवरून लिहिलेला मजकूर सध्या इतका झालाय की प्रत्यक्ष प्रयोगाला बसून लिहिलेलं वाचलं की लगेच वेगळं कळतं. मोठ्या नावांच्या शोला सगळेच जातात, तू एकांकिकेच्या प्राथमिक फेरीला जा, गावच्या हौशी मंडळाच्या प्रयोगाला जा, कामगार कल्याणच्या स्पर्धेला जा. वही जवळ ठेव. तारीख, हॉल, कोण होतं, किती माणसं होती, लिहून ठेव, आज फालतू वाटेल, तीस वर्षांनी तोच पुरावा असतो.

आणि दोन भाषा नीट शीक. नुसतं बोलता येणं नाही, दोन्हींत विचार करता आला पाहिजे. मराठीतलं चांगलं ते बाहेर सांगता आलं पाहिजे आणि बाहेरचं मराठीत. पैसे कमी मिळतात हे खरं आहे, ते मी गोड करून सांगणार नाही, त्यांनी सुद्धा कंपनीत नोकरी केली होती हे लक्षात ठेव.

सुरुवात कुठून करू?

मराठी वाचत असाल तर "रीटा वेलिणकर". इंग्रजी चालत असेल तर "वन फूट ऑन द ग्राउंड", पटकन वाचून होतं. नाटकवाले असाल तर थेट "द सीन्स वी मेड" घ्या आणि मग "प्लेराइट ॲट द सेंटर". घरात मराठी न वाचणारी पुढची पिढी असेल तर त्यांना "स्मृतिचित्रे"चा अनुवाद द्या आणि स्वतः मूळ शेजारी घेऊन बसा, एकेक प्रसंग दोघांनी वाचायचा, मग बोलायचं. आम्ही भाचीबरोबर व्हिडिओ कॉलवर असंच करतोय, दर रविवारी आमची सकाळ आणि तिची शनिवारची रात्र. सध्या टिळक घर सोडून निघून गेलेत तिथपर्यंत आलोय.